इमॅजिकाजवळ मुक्काम

प्रश्न : आम्ही सहाजण, सोबत आजी आणि पाच वर्षांचा मुलगा. इमॅजिकापासून चालत जाता येईल असं हॉटेल कसं निवडावं?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : इमॅजिका हे मनोरंजन उद्यान 2013 साली सुरू झालं, खोपोली-पाली रस्त्यावर. उद्यानाला अगदी लागून असलेलं मोठं हॉटेल एकच, नोव्होटेल. ‘इमॅजिकाजवळ’ म्हणून जाहिरात करणारी बरीचशी हॉटेलं खोपोली गावात, कित्येक किलोमीटर लांब असतात. म्हणून फोनवर ‘किती लांब?’ एवढ्यावर थांबू नका. ‘गेटपर्यंत पायी किती मिनिटं, आणि वाटेत हमरस्ता लागतो का?’ असं स्पष्ट विचारा. भरधाव गाड्यांच्या कडेनं, अंधारात, झोपाळलेलं पोर खांद्यावर घेऊन चालणं मला धोक्याचं वाटतं.

आजींसाठी मात्र जवळच्या खोलीचा खर्च वसूल होतो. दुपारच्या उन्हात खोलीवर येऊन पडता येतं. तिकीट घेतानाच पुन्हा आत सोडतात का, ते विचारून ठेवा. वॉटरपार्कचं तिकीट वेगळं असतं. तिथं जाणार असाल तर ओले कपडे वाळत घालायला गॅलरी हवीच. जादा गादीचे पैसे आधी ठरवा.

बजेट बसत नसेल तर खोपोलीत राहा, पण परतीची गाडी सकाळीच ठरवून ठेवा.