शरदातील घरकाम : आजी-आजोबा, नातवंडे आणि घरचे बियाणे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात मात्र तो ५०० मिलिमीटरच्या आसपासच असतो. माणगंगेच्या काठी वसलेल्या म्हसवड परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्यास त्यामुळे रब्बी ज्वारीच्या पेरणीची संधी बहुधा एकदाच मिळते. उत्तरा-हस्ताच्या पावसाची ओल असता पेरलेले बी उगवले नाही, तर दुबार पेरणीपुरती ओल जमिनीत उरत नाही. धान्य जाते आणि त्याबरोबर जनावरांचा कडबाही जातो.

म्हणून शरद ऋतूतील घरकामांत बियाण्याच्या पारखीस पहिले स्थान द्यावे. या दिवसांत घरातील कर्ती माणसे पेरणी, काढणी व मळणी यांत गुंतलेली असतात. घरी असतात ती आजी-आजोबा, आणि शाळेतून परतलेली नातवंडे. वडीलधाऱ्यांपाशी अनुभव असतो. मुलांपाशी तीक्ष्ण नजर व शाळेत शिकलेले गणित असते. या दोहोंची सांगड घातल्यास पुढील कामे विनाखर्च व बिनचूक होतात.

घट आणि शंभर दाणे

नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरण्याची आपली रीत जुनी आहे. कोणते धान्य कसे रुजले, हे आजी दसऱ्यास पाहते. ही एक प्रकारे बियाण्याची परीक्षाच होय. मात्र तिच्यात दोन उणिवा राहतात. मूठभर दाण्यांपैकी किती उगवले, हे त्यातून कळत नाही; आणि रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावयाची असल्याने ती दसऱ्यापर्यंत थांबत नाही.

यास्तव पितृपंधरवड्यातच मोजणीची चाचणी घ्यावी. बियाण्याच्या पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून मूठ मूठ दाणे घेऊन ते एकत्र मिसळावेत. त्यांतून न निवडता १०० दाणे मोजावेत. चांगले दाणे वेचून घेण्याचा मोह मुलांना होतो; तो आजोबांनी आवरावा. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडून त्याची सैल गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवावी. गोणपाट ओलसर राहील इतकेच पाणी रोज शिंपडावे. सातव्या दिवशी मूळ व कोंब दोन्ही निरोगी असलेली रोपे मोजावीत.

ही संख्या ७५ किंवा अधिक आल्यास हेक्टरी १० किलो हे नेहमीचे प्रमाण ठेवावे. ती ६० ते ७४ असल्यास बियाणे त्या मानाने वाढवावे. उदाहरणार्थ, ६० दाणे उगवले तर १० ला ७५ ने गुणून ६० ने भागावे. साडेबारा किलो बियाणे लागेल. हे त्रैराशिक नातवंडांनी सोडवावे. उगवण ६० हून कमी असल्यास ते बी पेरू नये.

बाजरीच्या कणसांची निवड

याच सुमारास बाजरी काढणीस येते. मोहोळ येथील केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हा वाण तयार झाला. शेतकऱ्याच्या घरी होणारी कणसांची निवड हीही त्याच जातीची विद्या आहे. काढणीपूर्वी आजोबांनी नातवंडांसह शेतात फिरावे. भरदार, घट्ट दाण्याची व एकाच वेळी पक्व झालेली कणसे त्यांनी दाखवावीत आणि मुलांनी त्या ताटांस चिंधी बांधावी. केवडा वा अरगट रोग दिसेल तेथील कणीस घेऊ नये. बाजरीत परपरागीभवन होते; म्हणून बांधालगतची ताटे सोडून शेताच्या मधल्या भागातील निवडावीत. थोड्याच कणसांचे बी धरल्यास वाणाचा जोम घटतो. यासाठी निदान तीनशे कणसे घ्यावीत.

ही पद्धत देशी व सुधारित वाणांपुरतीच आहे. संकरित बाजरीचे बी घरी धरू नये. पुढील पिढीत तिचे गुण टिकत नाहीत.

वाळवण व साठवण

निवडलेले बी सारवलेल्या अंगणात पातळ पसरून वाळवावे. दाणा दाताखाली कट्ट आवाज करून फुटला की ते वाळले असे आजी सांगते. ही खूण विश्वसनीय आहे. मडके वा कणगी शेण-मातीने सारवल्यावर पूर्ण वाळू द्यावी, अन्यथा सारवणाची ओल बियांत उतरते. बियांत चाळलेली कोरडी राख मिसळावी. राखेने किडीच्या अंगावरील मेणचट थर झिजतो व कीड सुकून मरते. वर सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून तोंड लिंपावे आणि मडके जमिनीपासून उंच ठेवावे.

अंगण व सावधगिरी

पावसाळ्यात माजलेले तण व पालापाचोळा खत-खड्ड्यात शेणकाल्यासह थरांनी भरावा. फुलावर आलेले गाजरगवत मात्र त्यात टाकू नये. त्याने त्वचेस खाज सुटते व दमा बळावतो. म्हणून ते वृद्धांनी वा मुलांनी न उपटता कर्त्या माणसाने हातमोजे घालून उपटावे.

धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात मुळीच आणू नयेत. ओलाव्याने त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असून त्यावर उतारा नाही. औषध चोळलेले बी खाण्यात वा जनावरांच्या वैरणीत येऊ देऊ नये.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. तोवर ही कामे उरकावीत. मडक्यावर वाणाचे नाव व साठवणीची तारीख नातवंडांच्या अक्षरात लिहून चिठ्ठी चिकटवावी. पुढील मृगात मडके उघडताना आजीच्या आठवणीस त्या चिठ्ठीचा आधार मिळेल, आणि आजीने काय पाहून बी धरले हे मुलांच्याही ध्यानी राहील.