बिबट्याचा पिंजरा कुठे लावतात?

मे महिन्यात जुन्नरला गावी जाणाऱ्या लालबागच्या एका मुलाचा हा प्रश्न. त्यावरून परिसर अभ्यासाचा पाठ घेतला.

पिंजऱ्याआधी जनावराची वाट शोधावी लागते. उसाची कड, ओढा, बांध, गोठ्याची मागची बाजू बघायची. ओल्या मातीत चार बोटं दिसली, पण नखं नाहीत, तर ठसा बिबट्याचा असू शकतो. कुत्र्याची नखं बहुधा उमटतात.

कृती : चाळीतल्या मांजराचे आणि कुत्र्याचे ठसे ओल्या मातीत शोधा. मांजरही नखं आत ओढूनच चालतं.

पालकहो, पिंजरा वनखातंच लावतं. १९७२च्या कायद्यानं बिबट्याला संरक्षण आहे. ठसा दिसला तर १९२६ला फोन करा. आणि अंधार पडल्यावर उसाकडे एकट्यानं जायचं नाही, हे मुलांकडून पाठच करून घ्या.