दोष दिसला की गन खाली ठेवा

थिनरवर हात बसलेल्या माणसाला पाण्याचं लॅकर सुरुवातीला फार सोपं वाटतं. डबा उघडला, गाळला, गनमध्ये ओतला, मारला. वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, गन पाण्याने धुता येते. अवघड प्रकरण सुरू होतं ते काम बिघडल्यावर. बिघडलेलं काम सुधारायच्या आपल्या सगळ्या सवयी थिनरच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच इथे घात करतात.

यामागचं कारण साधं आहे. एनसी लॅकर किंवा चपड्याचं स्पिरिट पॉलिश वाळल्यावरसुद्धा आपल्या द्रावकात पुन्हा विरघळतं. नवा हात जुन्या हाताला भिजवतो आणि दोन्ही एकजीव होतात. त्यामुळे खालच्या हातात थोडी खोट राहिली तरी वरचा हात ती पोटात घेतो. पाण्याचं लॅकर एकदा जुळून वाळलं की पाण्यात विरघळत नाही. तुम्ही वरून मारता तो थर वेगळाच बसतो आणि खालचा दोष काचेखाली ठेवल्यासारखा कायमचा दिसत राहतो. म्हणून माझं पहिलं आणि खरं तर एकमेव सांगणं हेच, की दोष दिसला की गन खाली ठेवा. आधी तो कशाचा आहे ते ओळखा, मग हात लावा.

आमची कार्यशाळा पुण्याजवळ धायरीत आहे. मेलामाईन आणि पीयूचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. पुढे गिऱ्हाईकच विचारू लागलं, घरात म्हातारी माणसं आहेत, लहान मूल आहे, वास नको. आम्हालाही टोल्युइनच्या वाफेपासून सुटका हवीच होती, आणि आगीची धास्ती कमी झाली तर कुणाला नको असतं? तेव्हा पाण्याच्या लॅकरकडे वळलो. उन्हाळ्यात सगळं झकास झालं. आषाढात एक सागवानी जेवणाचं टेबल आलं आणि त्याचा वरचा पाट तिसऱ्या हाताला दुधाळ झाला, जणू लाकडावर धुकं बसलंय.

आमच्याकडच्या जुन्या पॉलिशमिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. ते म्हणाले, “शेठ, पावसाळी हवा आहे, पांढरं पडणारच. रिटार्डर घातलेल्या थिनरची एक हलकी फुंकर मारतो, आत्ता उतरेल.” एनसीवर हा उपाय शंभर टक्के चालतो. थिनर पृष्ठभाग पुन्हा ओला करतं, सावकाश उडतं आणि अडकलेली ओल जाते. पाण्याच्या अर्धवट जुळलेल्या थरावर तेच थिनर पडलं तेव्हा पाट मऊ पडला आणि चिकटून सुरकुतला. माल पुरवणाऱ्याला फोन केला, तर “वरून एक भरगच्च हात मारा, सगळं बसेल” असा सल्ला आला. त्याने दुधाळपणा दुप्पट झाला. शेवटी सगळं खरवडून लाकडापर्यंत जावं लागलं. चाचांचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांचा उपाय खरा होता, फक्त दुसऱ्या मालाचा होता.

इथे आत काय घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण निम्म्या तक्रारींची मुळं यातच आहेत. डब्यातलं लॅकर पांढरं दिसतं, कारण पाण्यात रेझिनचे बारीक कण तरंगत असतात आणि ते प्रकाश विखुरतात. फवारल्यावर आधी पाणी उडायला हवं. मग कण एकमेकांना भिडतात आणि सोबतचं सावकाश उडणारं द्रावक त्यांना मऊ करून एकमेकांत मिसळवतं. तेव्हा कुठे पारदर्शक पापुद्रा तयार होतो. बुंदीचे लाडू वळताना पाक गार झाला की बुंदी सुटीच राहते, तसंच हे आहे. हवेत ओल खूप असेल तर पाणी निघता निघत नाही, द्रावक मात्र आपल्या गतीने उडून जातं, आणि पाणी शेवटी निघतं तेव्हा कण जुळवायला कुणी उरत नाही. जानेवारीच्या सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा अंश असताना फवारलं तर ओल नसूनही हेच होतं. तेव्हा कण मऊच पडत नाहीत, थर भुरभुरीत होतो किंवा त्याला बारीक तडे जातात.

म्हणून दुधाळ दिसलं की तीन शक्यता तपासायच्या. एक, पाणी अजून आत आहे. खोली बंद करा, हवा कोरडी करा, वाट पाहा. थर पातळ असेल तर बऱ्याचदा रात्रभरात आपोआप निवळतो. दोन, कण जुळलेच नाहीत. कोरड्या, उबदार खोलीत दिवसभर ठेवूनही पांढरेपणा हलला नाही तर तो हलणार नाही, घासून काढा. तीन, ती ओल नाहीच, तो फेस आहे. हे भिंगाशिवाय कळत नाही. भिंग धरलं की सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. डबा गदागदा हलवला, कॉम्प्रेसरचा दाब जास्त ठेवला किंवा एका दमात जाड थर दिला की हे होतं. लॅकर हलवायचं नसतं, पट्टीने सावकाश ढवळायचं असतं आणि नंतर थोडा वेळ स्वस्थ ठेवायचं असतं.

हवेचं गणित अंदाजाने करू नका. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावा. २० ते २८ अंश तापमान आणि ६५ टक्क्यांच्या आतली आर्द्रता असेल तर काम निर्धास्त होतं. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी हा काटा ८५च्या पुढे असतो. इथे एक गोष्ट फार उपयोगी पडते. तीच हवा थोडी तापवली तरी तिची सापेक्ष आर्द्रता खाली येते. २५ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांवर नेली की साधारण ६४ टक्क्यांवर येते. एका बंद खोलीत हीटर आणि डिह्युमिडिफायर लावला की आषाढातही काम होतं. एक्झॉस्ट फवारताना हवाच, पण फवारणी संपून तुषार निघून गेले की तो बंद करा, नाहीतर तो बाहेरची ओली हवाच दिवसभर आत ओढत राहतो. पंख्याचा झोत थेट कामावर नको, खोलीतली हवा हलली तरी पुरे.

लाकडालाही ओल असते हे आपण विसरतो. ५० टक्के आर्द्रतेत ठेवलेलं लाकूड साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८५ टक्क्यांत ते १८च्या आसपास जातं. उघड्या शेडमध्ये पडलेली फळी थेट फवारणीला घेतली तर वरून कितीही काळजी घ्या, खालून ओल येणारच. ओलावामापक टोचून पाहिल्याशिवाय आम्ही आता पावसाळ्यात सीलर मारत नाही.

सागाचं वेगळं दुखणं आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं आणि पाण्याचा पृष्ठताण मुळात थिनरच्या अडीच-तीनपट. त्यामुळे जुन्या घासलेल्या सागावर लॅकर कुठेकुठे पसरत नाही, मागे सरकतं, किंवा वर्षभराने नखाने सुटतं. सागाला ताजा पॉलिश पेपर द्या, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी पहिला हात मारा. आम्ही खाली चपड्याचा एक पातळ हात देतो. त्याने तेल अडतं आणि पाण्याच्या लॅकरखाली साग जो फिकट, थंड दिसतो तो थोडा उबदार दिसतो. मात्र बाजारातल्या साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पाण्याचं लॅकर टिकत नाही. स्पिरिटमध्ये विरघळवून भांडं न हलवता ठेवा, मेण खाली बसतं. वरची नितळ निवळी तेवढी घ्या.

पांढरा रंग द्यायचा असेल तर हा चपडा जवळपास सक्तीचाच. साग, बाभूळ यांच्यातला टॅनिन पाण्यात विरघळून वर येतो आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर चहाचे डाग दिसतात. वरून कितीही पांढरं मारा, ते पुन्हा वर येतात. आणि पाण्याच्या कामात दोन हातांच्या मधे स्टील वूल वापरू नका. तुटलेला तंतू रंध्रात अडकतो, गंजतो आणि टॅनिनशी मिळून काळा ठिपका करतो. असले ठिपके लाकडातलेच आहेत असं समजून गिऱ्हाइकाशी वाद घातलेले लोक मला माहीत आहेत.

पाण्याच्या लॅकरात पाणी कसलं घालता, याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियमने तरंगते कण एकत्र गोळा होऊ शकतात आणि मग थरात कण-कण येतात. लोक म्हणतात धूळ बसली. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला, तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच, बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या आत. तीच गोष्ट गनची. काल मेलामाईन मारलेल्या गनच्या पोटात थिनरचा थेंब राहिला आणि त्यावर पाण्याचं लॅकर ओतलं की आत चिकट गुठळ्या होतात. माल बदलताना थिनर, मग स्पिरिट किंवा ॲसिटोन, मग पाणी, असा क्रम ठेवा. खरं तर पाण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या आतल्या भागांची वेगळी गनच घ्या. साधी गन आतून गंजते आणि तो गंज तुमच्याच कामावर उडतो.

लॅकर गोल गोल खड्डे पाडून बाजूला सरत असेल तर तेल किंवा सिलिकॉन आहे. दुरुस्तीला आलेल्या फर्निचरवर घरातला चकाकीचा स्प्रे वर्षानुवर्षं पडलेला असतो, त्यात सिलिकॉन असतं. नवीन कामावर खड्डे आले तर कॉम्प्रेसरकडे बघा. स्वच्छ काचेवर मिनिटभर नुसती हवा सोडा. काचेवर ठिपके पडले तर आधी फिल्टर आणि पाणी-पकडीचं बघा. खड्ड्यांवर ओल्यातच पुन्हा लॅकर ओतून ते भरत नाहीत. वाळू द्या, घासा, पुसा, चपड्याचा आडपडदा द्या, मग मारा.

संत्र्याच्या सालीसारखा पोत, ओघळ, कोरडी भुकटी हे दोष गनचे आणि हाताचे आहेत. त्यावर फार लिहीत नाही. नोझल १.२ ते १.४ मिमी, अंतर १५ ते २० सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. ओल्या थराची जाडी मोजायला दात्यांची छोटी फणी मिळते, ती ७५ ते १०० मायक्रॉन दाखवेल इतकंच द्या. थिनरवाल्याला हा थर कंजूष वाटतो, पण इथे जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे. कडा धारदार ठेवू नका, लॅकर तिथून मागे सरकतं. दोनदा पॉलिश पेपर फिरवून कड मोडली की ते थांबतं. पहिल्या हाताला लाकडाचे तंतू उभे राहतात, तो दोष नाही. आधीच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, २२० नंबरने हलकं घासून घ्या.

आणि सकाळी अंगणात उन्हाला काढलेलं काम फवारू नका. लाकूड तापत असताना रंध्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि थराला भोकं पाडते. लाकूड निवत असताना, म्हणजे दुपार उलटल्यावर सावलीत मारा.

गिऱ्हाइकालाही दोन गोष्टी लिहून द्या. लॅकर तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण पुरतं कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर गरम पातेलं नको, ओला पेला नको. आणि आपल्याकडची हौसेची वस्तू म्हणजे टेबलावरचं प्लास्टिकचं आच्छादन, ते तर नकोच. त्या प्लास्टिकमधलं मऊ करणारं द्रव्य लॅकरमध्ये उतरतं आणि आच्छादन टेबलाला चिकटतं. परत आलेल्या पाटांवर मी फुलाफुलांची नक्षी उमटलेली पाहिली आहे.

शेवटचं कारागिरांसाठी आहे. हार्डनर घालायच्या दोन भागांच्या पाण्याच्या लॅकरात बहुतेकदा आयसोसायनेट असतं. त्याचा वास जवळजवळ येत नाही, पण एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा तुषारांनीही दमा उसळतो, आणि अशा माणसाला हे कामच सोडावं लागतं. तेव्हा डब्यावर पाण्याचं लिहिलंय म्हणून तोंडाला फडकं बांधून फवारू नका. योग्य काडतुसाचा मास्क, हातमोजे आणि चालू एक्झॉस्ट नसेल तर हार्डनरचा डबा उघडूच नका.