वार्धक्य व ‘ड’ जीवनसत्त्व

सातारा व सांगली हे जिल्हे 17 उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले असल्याने येथे हिवाळ्यातही उन्हाला तोटा नसतो. माण-खटाव, आटपाडी-जतकडे तर ते नकोसेच होते. तरीही येथील वृद्धांना ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडू शकते. याचे कारण आकाशात नसून त्वचेत आहे.

उन्हातील अतिनील किरण त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर पडले म्हणजे हे जीवनसत्त्व तयार होते. वयोमानाप्रमाणे ते द्रव्य घटत जाते. ऐंशीच्या घरातील त्वचेची ही शक्ती मुलांच्या त्वचेच्या निम्म्याहूनही कमी भरते, असे मॅक्लॉफ्लिन व हॉलिक यांना 1985 साली आढळले. त्यातच, या जीवनसत्त्वाला अखेरचे कार्यक्षम रूप देणारी मूत्रपिंडेही मंदावतात. मग दुधातील वा नाचणीतील कॅल्शियम आतड्यात नीट शोषले जात नाही आणि हाडे ठिसूळ होतात.

आजोबा सकाळी घोंगडी पांघरून ओट्यावर बसतात. त्यांना ऊब मिळते, जीवनसत्त्व फारसे नाही. कोवळ्या उन्हात हे किरण विरळ असतात आणि खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत. शिक्षकांनी मुलांकडून मैदानावर सावली मोजवून घ्यावी. सावली उंचीहून आखूड झाली, की हे किरण पुरेसे पोचू लागले असे समजावे. हिवाळ्यात त्या वेळी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे, हे मुलांनी घरी आजी-आजोबांना सांगावे.