आधी आयआयओचा फोल्डर उघडा

वसई पूर्वेच्या वालीव-सातिवली पट्ट्यातल्या औद्योगिक गाळ्यांत लिनक्सवर चालणारी छोटी यंत्रं बनवणारे आम्ही थोडे लोक आहोत. आमचं यंत्र सोसायट्यांच्या टाक्यांमधलं पाणी मोजतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या नालासोपारा-विरारच्या इमारतींत टाकी कितपत भरली आहे ते सेक्रेटरीला मोबाइलवर दिसावं, एवढंच त्याचं काम. टाकीत सोडलेला प्रेशर सेन्सर ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल देतो, १५० ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे ०.६ ते ३ व्होल्ट होतात आणि एडीएस१११५ ही १६ बिटची चिप ते वाचते.

या चिपसाठी आधीच्या कंत्राटी माणसाने स्वतंत्र ड्रायव्हर लिहून ठेवला होता. स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस, स्वतःचे आयऑक्टल, स्वतःचा थ्रेड; टाकीची उंचीसुद्धा त्यातच कोंबलेली. चालत होता, आणि चांगला चालत होता. कर्नल ५.१० वरून ६.६ वर न्यायची वेळ आली तेव्हा तो कंपाइलच होईना. ही चिप ज्या आयटूसी बसवर बोलते तिच्या ड्रायव्हरांचं रिमूव्ह फंक्शन ६.१ मध्ये व्हॉइड झालं होतं, ६.३ मध्ये प्रोबचा दुसरा पॅरामीटर गेला, ६.४ मध्ये क्लास_क्रिएटचा पहिला. कर्नलवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आतली रचना कधीही बदलेल, हे त्यांनी कधी लपवलेलं नाही, आणि जो ती बदलतो तो कर्नलमधले सगळे ड्रायव्हरही सोबत दुरुस्त करतो. आमच्या गाळ्यातला ड्रायव्हर त्याला दिसणार कसा?

हीच चिप चालवणारा ड्रायव्हर कर्नलच्या आयआयओ विभागात, म्हणजे सेन्सर आणि एडीसी सांभाळणाऱ्या भागात, ५.१० च्या आधीपासून होता. पूर्वी या कुळातल्या चिपांचा आणखी एक ड्रायव्हर एचडब्ल्यूमॉन, म्हणजे हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या, विभागातही होता. एकाच कामाला दोन चुली नकोत म्हणून २०१९ मध्ये तो काढला गेला. ज्याला एचडब्ल्यूमॉनमधून आकडे हवेत त्याच्यासाठी मधला पूल आहे.

आम्ही आमचा सी कोड टाकून दिला. डिव्हाइस ट्रीमध्ये चिपची नोंद केली, रेझिस्टरची किंमत दिली. आयआयओ-रीस्केल नावाचा तयार ड्रायव्हर व्होल्टेजवरून सरळ करंट काढून देतो. (ती किंमत मायक्रोओहममध्ये द्यावी लागते, शून्यं मोजून घ्या.) पाण्याची उंची किती, पंप कधी लावायचा, मेसेज कोणाला जायचा, हे साध्या प्रोग्रॅममध्ये ठेवलं. त्याला कर्नलमध्ये जागा नाही.

आयआयओ शिकायला वेळ लागतो, त्याचे कागद रूक्ष आहेत, हे कबूल. प्रदर्शनात ठेवायचा एखादाच नग असेल तर त्या वाटेलाही जाऊ नका. आयटूसी-डेव्हमधून चिप थेट वाचा, कर्नल ड्रायव्हर मुळीच लिहू नका. पण माल गिऱ्हाइकाकडे वर्षानुवर्षं राहणार असेल तर असलेल्या ड्रायव्हरमध्ये हवी ती सोय जोडा आणि मेंटेनरकडे पाठवा. तो उलटतपासणी घेईल, दोन-तीनदा परतही पाठवेल. घेऊ द्या.

आणि सर्किट काढणाऱ्या मित्रांना एक विनंती. बोर्डावर चिप बसवण्याआधी कर्नलच्या सोर्समधल्या आयआयओच्या फोल्डरमध्ये तिचं नाव शोधा. नसेल, तर थोडी महाग पडली तरी चालेल, पण नाव असलेली चिप घ्या.