पाळणा आधी हलव



काल रात्री ताईचा फोन आला. बाळाला महिन्यात दुसऱ्यांदा नेब्युलायझर लावावा लागला आणि पाळण्यामागची भिंत काळी पडली आहे, हे मला तिच्याकडून कळावं? त्याहून राग आला तो पुढचं ऐकून. मालकांना अजून काहीच कळवलेलं नाही म्हणे. का, तर डिपॉझिट कापतील, करार पुढे वाढवून देणार नाहीत. मंजिरी, पाळणा आत्ता त्या खोलीतून हलव. पत्र नंतर वाच.

साइटवर आयुष्य गेलं, भिंतीचं मला थोडं कळतं. पाऊस झाला की डाग पसरत असेल, प्लॅस्टर फुगून पोपडे सुटत असतील, तर पाणी बाहेरून तरी येतंय, नाहीतर वरच्यांच्या बाथरूममधून. त्यात तुमचा दोष नाही आणि तो खर्चही तुमचा नाही. बाहेरची भिंत, गच्ची, पावसाच्या पाण्याचे पाइप सोसायटीने बघायचे. पण सोसायटी ऐकते सभासदाचं. म्हणजे हलायचं मालकांनी, आणि तू कळवल्याशिवाय ते हलणार कसे?

कपाटामागे, कोपऱ्यात नुसते काळे ठिपके असतील आणि प्लॅस्टर धड असेल, तर ती बहुधा घरातच कोंडलेली दमट हवा. दुपटी खोलीत वाळत घालून खिडक्या बंद ठेवणं तुम्हीच थांबवायचं. कपाट वीतभर पुढे ओढा, आंघोळीनंतरही एक्झॉस्ट चालू राहू दे. भिंत साबणाच्या पाण्याने सुजयरावांनी पुसावी, मास्क लावून, बाळ घरात नसताना. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो. आणि डागावर रंग मारून मोकळं व्हायचं, हे तर नकोच.

पुढचं लिहावं की नाही, कळत नाही. इंग्लंडात रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा भाड्याच्या घरातल्या बुरशीमुळे श्वसनाच्या विकाराने गेला. बापाने तक्रार केली होती. वरून रंग मारा, असं त्याला सांगितलं होतं. पुढे त्या मुलाच्या नावाचा कायदा झाला. मूल गेलं ते गेलंच. तुझं बाळ डॉक्टरांच्या नजरेखाली आहे, मला ठाऊक आहे. पण काल ताईने फोन ठेवला तेव्हापासून तो मुलगा डोक्यातून जात नाही. भिंतीचंही डॉक्टरांना सांगितलंस ना?

आपल्याकडे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ आहे. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबायचं. तरीही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण तुमचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरू नाही, तेव्हा त्या कलमावर विसंबून भाडं कापू नका. करारात दुरुस्तीचं काय लिहिलंय ते वाच, फोटो काढ आणि मालकांना लेखी कळव. गप्प बसलीस तर उद्या तेच म्हणतील, वेळेवर सांगितलं असतं तर भिंत इतकी बिघडली नसती. ज्या डिपॉझिटसाठी गप्प आहेस, ते या गप्प बसण्यानेच जाईल.

परळच्या खोलीतला तुझ्या आजीचा दमा ताईला विचार. मालक भाडं वाढवेल या धास्तीने आम्ही दर दिवाळीला ओलीवर चुना फासत राहिलो. मी तेव्हा कमावता होतो, एक अर्ज लिहिणं जड नव्हतं. आई रात्र रात्र उशीला टेकून बसायची, आणि सकाळी मला डबा द्यायची.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. पहिलं बाळंतपण, सुजयरावांची नवी नोकरी, त्यात रात्रीची जागरणं. तू किती ओढते आहेस ते मला दिसतं. मालकांना काय लिहायचं ते सुचत नसेल तर फोन कर, मी सांगतो, तू टाइप कर. डिपॉझिट बुडालंच तर मी भरीन. सुजयरावांना आत्ताच सांगू नकोस, संकोचतील. रविवारी मी भिंत बघायला येतो. येताना तुम्हा दोघींना घेऊनच येईन. मामीने मधली खोली रिकामी केली आहे, बाळाला ती घेऊन बसेल. तू आधी झोप काढ.

तुझा,
मामा