ती गप्प नाही, ऐकते आहे

पुण्याहून, नाशिकहून बदली होऊन चेन्नईला आलेल्या आईबाबांशी बोलायला बसलं की एक काळजी हमखास निघते. घरी दिवसभर टकळी चालवणारी चार वर्षांची लेक शाळेत तोंडच उघडत नाही. बाई सांगतात, कोपऱ्यात बसून नुसती बघत असते. मग घरात खल सुरू होतो. शिकवणी लावायची का? घरीही इंग्रजीतच बोलायचं का? मराठी थोडे दिवस बाजूला ठेवायची का?

कृपा करून ठेवू नका. घर बदललं, अंगण बदललं, आजी-आजोबा मोबाइलच्या पडद्यावर गेले. त्यात आईची भाषाही बदलली, तर त्या जिवानं धरायचं काय?

परकी भाषा कानावर पडू लागली की पुष्कळ मुलं काही आठवडे, कधी काही महिने, ती बोलत नाहीत. त्या काळात ती रिकामी बसलेली नसतात. कोण काय म्हणालं की सगळे उठतात, कशावर हसतात, हे सारं टिपून घेतात. मग एका संध्याकाळी सोसायटीच्या आवारात खेळता खेळता ‘तण्णी वेणुम्’ म्हणून पाणी मागून मोकळी होतात. तुम्ही एवढंच पाहा, की घरी ती पूर्वीसारखी बोलते ना, खुणांनी का होईना खेळात शिरते ना. घरीही बोलणं आटलं असेल, हाकेला वळून पाहत नसेल किंवा महिने लोटले तरी शाळेत चकार शब्द निघत नसेल, तर मात्र थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या.

मुलांना बदल का जड जातो, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिलं त्या मारिया मॉन्टेसरी याच शहरात, अड्यारला राहून गेल्या. नोव्हेंबर 1939 मध्ये, वयाच्या 69 व्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या शिक्षकांना शिकवायला आल्या. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांना अड्यारच्या आवारातच राहावं लागलं आणि मुलाला, मारिओला, आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध करून ठेवलं. 31 ऑगस्टला, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारनं त्याला आईकडे जाऊ दिलं. परमुलखात अडकून पडणं म्हणजे काय, हे त्या बाईंना चांगलंच ठाऊक होतं.

त्यांनी लिहिलेला एक प्रसंग मी प्रत्येक आईला सांगते. घरी आलेल्या पाहुणीनं आपली छत्री टेबलावर ठेवली आणि तान्ही मुलगी रडायला लागली. हिला छत्री हवी आहे असं वाटून पाहुणीनं ती पुढे केली, तर मुलीनं ढकलून दिली. आईनं छत्री उचलून खोलीबाहेर नेली, तेव्हा कुठे पोर शांत झाली. टेबलावर छत्री नसते, हे तिला पक्कं माहीत होतं! म्हणून नव्या घरात सगळंच नवं घेऊ नका. जुनं पांघरूण, तोच पाण्याचा पेला, झोपताना त्याच क्रमानं गोष्ट आणि दिवा मालवणं, एवढं जागच्या जागी राहू द्या. मग बाहेरच्या नव्याकडे ती आपल्या पायांनी जाईल.

नवरात्रात शेजारी गोलू बघायला बोलावतील. विषम संख्येच्या पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, मरप्पाची नावाचं लाकडी जोडपं, धान्याच्या इवल्याशा राशी मांडून बसलेला वाणी. लेक डोळे विस्फारून पाहत राहील. तेवढ्यात कुणी तरी प्रेमानं म्हणेल, एक गाणं म्हण. इथली रीतच आहे ती. आणि आपण लगेच मागून ढोसतो, ‘म्हण ना गं, घरी किती छान म्हणतेस!’ ते नका करू. तिला सुंडल खाऊ दे, बाहुल्या बघू दे. गाणं हवंच असेल तर तुम्ही म्हणा, सूर लागला नाही तरी चालेल. आणि जमलं तर गच्चीवर भोंडला घाला, पाटावर हत्ती काढा, शेजारच्या तमिळ मुलींना फेरात घ्या. तिथे तिला शब्द येत असतील आणि बाकीच्यांना नसतील. असा एक दिवस या वयात फार मोलाचा असतो.

आणखी एक. शाळेतल्या आयाम्मांना भेटा. त्यांना तीन मराठी शब्द सांगून ठेवा: पाणी, शू, दुखतंय. या मावश्या ते लक्षात ठेवतात, असा माझा अनुभव आहे. बदल्यात त्यांच्याकडून तीन तमिळ शब्द तुम्ही शिका आणि लेकीच्या देखत भाजीवाल्याशी बोलताना वापरा. चुकलात, तो हसला, तरी बोलत राहा. ती बघत असते.